दर पावसाळ्यात घरी केलेलं ॲबस्ट्रॅक्ट पेंटिंग वाकतंय, फुगतंय, मागं बुरशी धरतंय? आधी उलटं करून बघा

जून संपत आला की आमच्याकडं हा विषय निघतोच. दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं केलेलं, हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलेलं मोठं ॲबस्ट्रॅक्ट शिमग्यापर्यंत एकदम झकास दिसत होतं, आणि आता खालचे दोन्ही कोपरे भिंत सोडून पुढं आलेत, कडा फुगल्यात, टेक्श्चरला चिरा पडल्यात, काढून बघावं तर मागं काळे-हिरवे ठिपके. "परत वाकलंय की वो, आता काय करायचं?" शेजारच्या वैनी विचारतात, खानापूरची मावशी फोनवर तेच विचारते, आणि बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं की रंग हलका होता, पुढच्या वेळी महागातले आर्टिस्ट कलर आणायचे. आणतात पण. पुढच्या आषाढात परत तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की यात रंगाचा दोष फार क्वचित असतो. ओल शिरते ती मागून आणि कडेनं, आणि आपण सगळी मेहनत करतो पुढच्या बाजूवर. घरातल्या उरलेल्या इमल्शनमध्ये (भिंतीला मारायच्या पाण्याच्या रंगात) केलेलं स्वस्तातलं काम सुद्धा वर्षानुवर्षं टिकतं, फक्त पाठ आणि कडा नीट बंद केलेल्या पाहिजेत आणि भिंतीपासून थोडं लांब टांगलेलं पाहिजे. खर्च वाढवायचाच असेल तर रंगावर नको, पाठीच्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तरावर, वाढवा, तो तसा कमीच येतो.

आपल्याकडं हे जास्त का होतं ते पण समजून घ्या. बेळगावात जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका. व्हिडिओत बघून केलेलं असतं, त्यात तो माणूस सांगतो अर्ध्या तासात वाळतंय, पुढचा कोट मारा, पण तो बसलेला असतो कोरड्या हवेत. ॲक्रिलिक काय, इमल्शन काय, पाणी उडून गेल्यावरच वाळतं, आणि हवाच पाण्यानं भरलेली असली तर ते पाणी जाणार कुठं? वरून हाताला कोरडं लागतं, आत ओलंच असतं. अथणी, रायबागच्या लोकांचं दुखणं वेगळं, तिथं पाऊस कमी, उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो आणि जाड थराला चिरा जातात, त्यांनी खाली पुट्टीचं लिहिलंय ते वाचा.

आता निदान. चित्र भिंतीवरून उतरवा आणि टेबलावर पालथं ठेवा. पुढची बाजू बघत बसू नका, कारण कळणार आहे ते मागूनच. मागं सगळीकडं सारखे ठिपके आहेत की एकाच कोपऱ्यात? हात फिरवा, गार-ओलसर लागतं का? कडेवर नख दाबून बघा, एमडीएफची (लाकडी भुशाची दाबलेली) फळी असेल आणि नख आत जात असेल तर ती कड गेली म्हणून समजा. आणि चित्र जिथं होतं ती भिंत बघा, रंगाचे पोपडे, पांढरी पावडर, पिवळट डाग, काय काय आहे ते.

भिंतीची शंका असली तर एक साधी टेस्ट आहे, फुकटातली. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर लावायचा, चारी बाजूंनी टेप, कुठं फट ठेवायची नाही, आणि दोन दिवस हात लावायचा नाही. नंतर काढून बघायचं. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतून येतीय, खोलीकडच्या बाजूला असेल तर खोलीतली दमट हवा गार भिंतीला लागून पाणी होतीय. वडगावात आमच्या गल्लीतल्या एका घरी हेच केलं होतं. फॉइल सोडवला तर आतल्या बाजूला बारीक थेंबांची जाळी, एकमेकाला चिकटलेले थेंब, आणि त्या चौकोनातलं प्लास्टर आजूबाजूपेक्षा गडद झालेलं. त्या भिंतीच्या पलीकडं बाथरूम, नळाचा सांधा आतून गळत होता, आणि त्या माऊली तीन पावसाळे चित्रालाच नावं ठेवत होत्या. असली भिंत असेल तर आधी प्लंबर, मग चित्र, दुसरा उपाय नाही. बाहेरच्या बाजूनं पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत असेल तर चित्र आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर न्या, तेवढ्यानं निम्मी कटकट मिटते. जुन्या घरांत, जांभ्याच्या नाहीतर मातीच्या भिंती असतात त्यात जमिनीतली ओल वर चढते, तिथं खालचे दोन-तीन फूट सोडूनच टांगा.

भिंत कोरडी निघाली तर मग बोर्ड.

बहुतेक लोक एमडीएफ घेतात, कारण सुताराकडं तुकडे मिळतात, सपाट असतं, स्वस्त पडतं. वाईट काही नाही त्यात. पण एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी, तिचा वरचा-खालचा पृष्ठभाग घट्ट दाबलेला असतो आणि कापलेली कड मात्र उघडी, पाणी पिणारी. आपण पुढं प्रायमर, रंग, टेक्श्चर, व्हार्निश असे चार-पाच थर चढवतो, मागं काहीच नाही. पावसाळ्यात उघडी पाठ हवेतली ओल ओढून पसरते, पुढची बाजू रंगानं बांधलेली असल्यामुळं पसरत नाही, मग फळी काय करणार, पाठीकडून फुगून पुढं वळते. म्हणूनच कोपरे भिंत सोडून पुढं येतात. हिवाळ्यात पाठ वाळली की वाक थोडा कमी होतो आणि माणसाला वाटतं झालं ठीक, पण फुगलेली कड परत कधीच बसत नाही.

उपाय म्हणजे सहाच्या सहा बाजू बंद करायच्या, पुढची, मागची आणि चारी कडा. कडा आधी काचपेपरनं घासून गुळगुळीत करा, मग कडांना आणि पाठीला ऑइल बेस वुड प्रायमरचे दोन हात मारा, घरात दार-खिडकीचा उरलेला ऑइल पेंट असेल तर प्रायमरवर तोच मारा, रंग कुठलाही चालतो, मागं कोण बघतंय. कडेला दुसऱ्या हातानंतर पण खरखरीत लागलं तर तिसरा मारा, कड खूप पिते. पुढच्या बाजूला मात्र ऑइल पेंट लावू नका हं. चकचकीत ऑइल पेंटवर ॲक्रिलिक धरत नाही, सहा महिन्यांत साल निघावी तसं निघतं. पुढं पाण्याचा ॲक्रिलिक प्रायमर, दोन हात, मधे हलका काचपेपर. आणि वाळवताना बोर्ड जमिनीवर सपाट टाकू नका, खाली दोन पट्ट्या ठेवा म्हणजे दोन्हीकडून हवा लागेल.

जाडीचा पण विचार करा. तीन-चार एमएमची शीट एक फुटाच्या चौकोनाला ठीक आहे, दोन बाय तीन फुटाला ती वाकणारच, काहीही लावा. मोठ्या कामाला नऊ नाहीतर बारा एमएम घ्या, किंवा पातळ शीटच्या मागं लाकडी रीपांची चौकट गोंद-स्क्रूनं बसवून घ्या. ती चौकट मागून भिंतीपासून अंतर पण ठेवते, एका कामात दोन कामं. बाथरूमबाहेरच्या पॅसेजसारख्या दमट जागेला मी तर एमडीएफ सोडूनच द्या म्हणेन, तिथं पीव्हीसी फोम शीट वापरा. बॅनर-बोर्ड करणाऱ्या दुकानात त्याचे कापून राहिलेले तुकडे असतात, मागितले तर देतात, पाणी अजिबात पीत नाही, वजनाला हलकं. आधी काचपेपरनं पृष्ठभाग खरखरीत करून घ्यायचा नाहीतर रंग सुटतो, आणि थेट उन्हात ठेवायचं नाही, वाकतं.

कापडावर करणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तयार कॅनव्हास महाग पडतो म्हणून बरेच जण मांजरपाट आणतात, खडेबाजारात कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळतो, आणि ॲबस्ट्रॅक्टला तो झकास चालतो, त्याचा जाडाभरडा पोत रंगातून दिसतो ते मला स्वतःला आवडतं. पण कोऱ्या मांजरपाटात खळ असते. ती खळ म्हणजे बुरशीचं खाणं. तसाच ताणून रंगवलात तर पावसाळ्यात मागं ठिपके येणारच, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून, साबणानं धुवून, कडकडीत वाळवून घ्या. आटायचं ते पण आधीच आटून जातं. मग चौकटीवर ताणताना मधल्यापासून सुरुवात करून कोपऱ्याकडं जायचं, चारी बाजूला आळीपाळीनं चुका (बारीक खिळे) नाहीतर स्टेपल मारत.

पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडला म्हणून जुलैतच चुका काढून परत करकचून ताणणारे लोक आहेत. नका करू. दमट हवेत तो ढिला होणारच, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आपोआप आवळतो, आणि तुम्ही जुलैत ताणलेला असेल तर तेव्हा इतका आवळतो की चौकट पिळते. नोव्हेंबरपर्यंत थांबा, तरी ढिला राहिला तर चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात लाकडी पाचर हळूच ठोका, रेडिमेड कॅनव्हासबरोबर त्या छोट्या पाचरी पुडीत येतात आणि लोक फेकून देतात.

आमच्या शहापूर-वडगावात माग, त्यामुळं साडीचे तुकडे, काठ, सुताच्या गुंड्या घरात असतातच, त्या बोर्डवर चिकटवून वर रंगाचे हात दिले की इतकं सुंदर ॲबस्ट्रॅक्ट होतं की काय सांगू, काठाची वीण रंगाखालून उठून दिसते. फक्त मैद्याच्या खळीनं चिकटवू नका. बुरशी पण लागते आणि कसर पण. पूर्वी बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालायचे ते याच कारणासाठी, पण ते विषारी, लहान मुलं असलेल्या घरात नको. ॲक्रिलिक मीडियम (रंग न घातलेलं ॲक्रिलिक) वापरा, नसेल तर निदान पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल घ्या, साधा पांढरा फेव्हिकॉल ओल लागली की मऊ पडतो आणि काठाचे कोपरे उठतात.

आता टेक्श्चरच्या चिरा आणि पोपडे. वॉल पुट्टीनं टेक्श्चर करायची आयडिया चांगली आहे, स्वस्त आहे, मी पण तेच वापरते. पण पांढऱ्या सिमेंटची पुट्टी कडक असते, लवत नाही. ती कॅनव्हासवर लावली की कॅनव्हास हलतो आणि पुट्टी हलत नाही, मग तुकडे पडतात. पुट्टी फक्त टणक बोर्डवर. तिथं पण प्रायमरच्या वर, कोऱ्या गुळगुळीत एमडीएफवर नको. आणि एका दमात जाड थापू नका. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला राहतो, त्या ओढाताणीत चीर जाते, अथणीकडं उन्हाळ्यात हे तासाभरात दिसतं आणि आपल्याकडं आठवड्यानं दिसतं, कारण तेच. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा थर, मग पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. जास्त उठाव पाहिजे असेल तर खाली सुतळी, जाळीचं कापड, पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून त्यावर पातळ पुट्टी फिरवा. कॅनव्हासवर टेक्श्चर पाहिजेच असेल तर पुट्टीऐवजी ॲक्रिलिक टेक्श्चर पेस्ट, ती लवते. तयार महाग वाटली तर जाड ॲक्रिलिक इमल्शनमध्ये चाळलेली बारीक वाळू मिसळा, आधी धुवून वाळवलेली. खानापूरकडची लाल माती पण लोक वापरतात, रंग फार छान येतो, पण ती वस्त्रगाळ करून आणि भरपूर ॲक्रिलिक बाइंडरमध्येच, नाहीतर हात लावला की निघते.

चिरा आधीच पडल्या असतील तर दाबून बघा. टणक बसलेली असेल तर चीर पातळ पुट्टीनं भरून रंगवून टाका, ॲबस्ट्रॅक्टमध्ये कळत पण नाही. पोकळ आवाज येत असेल तर तेवढा भाग खरवडून काढावाच लागतो, वरून रंग मारून उपयोग नाही.

"महिना झाला तरी चिकट लागतंय, धूळ बसतीय." हे पण फार जण विचारतात. यात मला दरवेळी एकच चोर सापडतो, स्टेनर. भिंतीच्या रंगात घालायच्या त्या छोट्या बाटल्या, स्वस्त, रंग गडद, म्हणून लोक त्याच ट्यूबसारख्या वापरतात. स्टेनर म्हणजे नुसतं रंगद्रव्य, त्यात धरून ठेवणारा बाइंडर नाही, एकटा कधी नीट वाळत नाही. पांढऱ्या इमल्शनमध्ये थोडा घालूनच वापरायचा, किती घालायचा त्याची मर्यादा बाटलीवर छापलेली असते ती पाळा. एकदम गडद काळा-निळा पाहिजे असेल तर तेवढ्यापुरती ॲक्रिलिकची एक ट्यूब घ्या. चिकट झालेलं असेल तर पंख्याखाली आठवडाभर ठेवून बघा, तरीही बोटाला रंग येत असेल तर ओल्या फडक्यानं जास्तीचा पुसून काढून, वाळवून, वर नीट इमल्शनचा हात मारणं भाग आहे.

रंग मातकट होतात त्याबद्दल थोडक्यात. ओल्यावर ओला मारत गेलं की लाल-हिरवा, निळा-नारिंगी एकमेकांत मिसळून चिखल होतो, आणि आपल्या हवेत खालचा थर वाळलाय असं वाटतं तेव्हा तो वाळलेला नसतो. तीनच रंग आणि पांढरा घ्या, एक थर आज, दुसरा उद्या. ॲबस्ट्रॅक्टचे मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे, नागपुरात १९२४ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मधून शिकलेले, रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरायचे आणि एकाच रंगाच्या छटांवर अख्खं चित्र उभं करायचे. महागडी साधनं लागतातच असं नाही, पेंटरचा चार इंची रोलर आणि पुट्टीचा पत्रा यात ॲबस्ट्रॅक्ट होतं.

व्हार्निश मारल्यावर दुधाळ पांढरं झालं असेल तर तो पावसाळी हवेचाच परिणाम. स्प्रे लॅकर दमट दिवशी मारला की हवेतली ओल त्यात अडकते, पाण्याचा व्हार्निश जाड लागला तरी तसंच होतं. कोरडी हवा येईपर्यंत थांबा, कधी कधी आपोआप साफ होतं, स्प्रेचं असेल तर कोरड्या दिवशी त्याच स्प्रेचा एक पातळ हात मारला की बऱ्याचदा जातं. एरवी जून ते सप्टेंबर व्हार्निशचा डबा उघडूच नका. सगळं काम दसरा ते होळी या काळात काढा, बेळगावला याच्यासारखा सीझन नाही.

टांगायचं कसं, हे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि निम्मं नुकसान तिथंच होतं. डबल टेप नको. डिस्टेंपरच्या भिंतीची पावडर सुटते, टेप त्या पावडरीला चिकटलेला असतो, पहिल्या मोठ्या पावसात रात्री धाडकन खाली. गिट्टी मारून स्क्रू लावा. आणि मागच्या चारी कोपऱ्यांना रबराची नाहीतर बुचाची बटणं चिकटवा, निदान एक सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे, बाटलीची दोन प्लास्टिकची झाकणं एकावर एक चिकटवून लावली तरी चालतात. त्या फटीतून हवा खेळली की बुरशीला थारा मिळत नाही. मोठ्या पावसाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा चित्र भिंतीपासून थोडं ओढून पंखा लावायचा, कोरड्या फडक्यानं मागची भिंत पुसायची.

बुरशी आलेलीच असेल तर घरात झटकू नका, तिची पूड सगळ्या खोलीत पसरते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. गच्चीवर नाहीतर अंगणात न्या, तोंडाला मास्क, कोरड्या मऊ ब्रशनं पाठ झाडा, मग पाठीवर स्पिरिट लावलेलं फडकं फिरवा आणि सावलीत वाऱ्याला दोन दिवस उभं ठेवा. स्पिरिट पुढच्या बाजूला चुकूनही लागू देऊ नका, वाळलेलं ॲक्रिलिक सुद्धा स्पिरिटनं सुटतं आणि रंग फडक्यावर येतो. पुढं अगदी हलकं ओलं फडकं, त्यात थेंबभर भांड्याचा लिक्विड सोप, लगेच कोरडं पुसून घ्यायचं. पाठ पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर मारला तर ओल आत कोंडते, म्हणून ते काम ऊन पडल्यावरच.

आणि कडा फुगलेला बोर्ड टाकून देऊ नका. सुताराकडं नेऊन चारी बाजूंनी अर्धा-पाऊण इंच कापून घ्या, ॲबस्ट्रॅक्ट असल्यामुळं कडेचं थोडं गेलं तरी चित्राचं काही बिघडत नाही, उलट कधी कधी मांडणी आवळून येते. कापल्या कापल्या नवीन कडा उघड्या पडतात, त्या त्याच दिवशी प्रायमरनं बंद करा. सुताराला आधीच सांगा की कापताना पुढच्या बाजूला टेप लावून काप, नाहीतर करवतीनं टेक्श्चरच्या कपच्या उडतात.